तीन पट्ट्या खाली

आग्याला राग यायला कारण लागत नाही, असं लोक म्हणत. हे साफ खोटं होतं. कारणं त्याच्याकडे भरपूर होती. ती ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता, एवढंच. ‘आग्यावेताळ’ हे मूळ नाव घरच्यांनी त्याला लहानपणीच बहाल केलं आणि वापरून वापरून त्याचं आग्या झालं. आता त्याची पन्नाशी उलटली होती, डोक्यावर केसांपेक्षा कपाळ जास्त होतं, आणि तरी कामावरचे साहेबसुद्धा त्याला आग्याच म्हणत. याचाही त्याला राग होता.

दिवसा तो लिफ्ट दुरुस्त करायचा. इमारतीच्या गच्चीवर एक खोली असते, जिच्या दारावर ‘धोका’ लिहिलेलं असतं आणि आत कुणी डोकावत नाही, तिथे त्याचं आयुष्य चाललं होतं. तापलेली मोटर, ग्रीसचा वास, चाकावरून फिरणारे पोलादी दोर. खाली दहा मिनिटं अडकलेला माणूस बाहेर आला की लिफ्ट कशी चालवावी हे आग्याला समजावून सांगे. सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी तो थोरल्या भावाच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. तिथे गिटार कशी वाजवावी हे थोरला भाऊ समजावून सांगे.

थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं, गाद्यांचं दुकान होतं. दुकानामागच्या गोदामात बँडची तालीम चाले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्या भिंतीला टेकून उभ्या असत, श्रोत्यांसारख्याच: गप्प, जाड आणि कशानेही न हलणाऱ्या. दादा गायचा. बेकरीत भट्टी सांभाळणारा एक जण ड्रम बडवायचा. कीबोर्डवर मास्तर असे. तो मोटार चालवायला शिकवणाऱ्या शाळेत मास्तर होता, त्यामुळे वाजवतानाही त्याचा एक पाय ब्रेकवर असल्यासारखा वाटे. निवृत्तीचे समारंभ, वाढदिवस, लग्नानंतरची जेवणं, जिथे लोकांना खाताना आवाज हवा असतो, तिथे हे चौघे वाजवत.

दादा जन्मभर गाद्या विकत आला होता, आणि जगातली कुठलीही वस्तू अंगठ्याने दाबून पाहिल्याशिवाय त्याचा तिच्यावर विश्वास बसत नसे. पाव असो, सायकलचा टायर असो, जावयाने आणलेला सोफा असो. कार्यक्रमाच्या आधी तो आग्याच्या गिटारपाशी येई, तिसऱ्या तारेवर अंगठा दाबी, डोळे मिटी आणि म्हणे, “हं. ताण बरोबर आहे.” गिटार त्यानेच कधीकाळी आग्याला शिकवली होती. पुढे आग्या त्याच्यापेक्षा बरा वाजवू लागला तेव्हा दादा गाण्याकडे वळला, आणि तपासणीचा हक्क तेवढा स्वतःकडे ठेवला.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका निवृत्तीच्या समारंभात, ज्या गाण्यासाठी लोक दादाला बोलावत त्याच गाण्याच्या वरच्या ओळीत, दादाचा आवाज फाटला. फार नाही, चादरीचा काठ उसवावा तेवढाच. दादाने आधी माइकला दोष दिला, मग पंख्याला, मग हॉलच्या छताला. शेवटी सगळ्यांना सोयीचं असं उत्तर सापडलं आणि दोष आग्याकडे आला.

“वर लावलीस तू गिटार,” दादा म्हणाला.

“जिथे लागते तिथेच लावलीय.”

“मग माझा आवाज कसा फाटेल?”

या प्रश्नाचं उत्तर आग्याला येत होतं. पण तेवढ्यात वहिनीने त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि अशा नजरेने पाहिलं, की तो उत्तरासकट पाणी प्यायला.

दोन दिवसांनी वहिनीने त्याला दुकानात गाठलं. ती गल्ल्यामागे बसून गाद्यांच्या खोळींना चेन लावत होती.

“भाऊजी, एक काम होतं.”

“लिफ्ट बिघडली?”

“आमच्याकडे लिफ्ट कुठंय? यांचा आवाज.”

“त्याला घशाचा डॉक्टर लागतो, वहिनी. मी वर-खाली करणारा माणूस.”

“खालीच घ्यायचंय. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, वय झालंय. ते मी यांना सांगितलं नाही. तुम्ही सगळे एक पट्टी खाली वाजवा ना. यांना कळायचं नाही.”

“चोरून?”

“चोरून कशाला? न सांगता.”

कीबोर्डवरची एक पट्टी म्हणजे अर्धा सूर. ती उतरवायची म्हणजे काय, हे मास्तरने त्याच संध्याकाळी दाखवलं. त्याने एक बटण दाबलं आणि म्हणाला, “झालं.” ड्रमवाल्याला तेवढंही करावं लागलं नाही. आयुष्यात आग्याने पुष्कळांना पुष्कळ गोष्टी माफ केल्या नव्हत्या, पण त्या ‘झालं’ला त्यात वरचं स्थान होतं.

कारण गिटारला बटण नसतं. आग्याने सहाही खुंट्या पिळून तारा अर्धा सूर खाली उतरवल्या. सूर जुळले, पण तार उतरवली की सैल पडते. पुढच्या तालमीला दादाने अंगठा ठेवला आणि डोळे मिटायच्या आतच उघडले.

“ही तार आहे का कपडे वाळत घालायची दोरी? हिला झोपाळा बांध आणि बस!”

दादाच्या कानाला अर्धा सूर कळला नाही. अंगठ्याला मात्र लगेच कळला. आग्याला तारा परत चढवाव्या लागल्या, दादाचा आवाज परत उसवला, आणि वहिनी गोदामाच्या दारात उभी राहून आग्याकडेच पाहत राहिली.

आग्या वाद्यांच्या दुकानात गेला. तिथली बाई काचेच्या काउंटरमागे कायम हिशेब सोडून दुसरंच काहीतरी करत असे. त्या दिवशी ती वांगी चिरत होती.

“एक पट्टी खाली लावायचीय,” आग्या म्हणाला, “पण ताण पहिल्यासारखाच पाहिजे.”

“मग जाड तार घ्या. जाड तार खाली लावली तरी ताठ राहते. आता कुठला सेट आहे?”

“दहाचा.”

तारांच्या दुनियेत इंचाचे हजार भाग करतात आणि सर्वांत बारीक तार त्यातले किती भाग जाड आहे त्यावरून अख्ख्या सेटला नाव पडतं. नऊ म्हणजे हलका, दहा म्हणजे सर्वसाधारण, तिथून पुढे जाड. दहा आणि अकरा यांत मुंगीच्या पायाएवढाही फरक डोळ्याला दिसत नाही. बोटाला दिसतो.

“किती जाड घ्यायची ते तुमचं बोट सांगेल,” बाई म्हणाली.

“बोट माझं नाही. भावाचा अंगठा आहे.”

बाईने वांगं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत तिने गिऱ्हाइकांच्या पुष्कळ अडचणी ऐकल्या होत्या, त्यात ही नवी होती. “मऊ आहे की राठ?” तिने विचारलं. आग्याला इतका राग आला, की त्याने एकदम बाराचा सेट उचलला आणि निघाला.

बाराचा सेट एका पट्टीसाठी फार होता. गिटारची मान धनुष्यासारखी पुढे आली, तारा फळीपासून इतक्या वर गेल्या की त्यांच्याखालून बोट फिरावं. दादाने अंगठा लावला आणि म्हणाला, “कामावरचा दोर लावलास का रे?” आग्याने तो सेट काढला, मानेतला स्क्रू पिळून मान जागेवर आणली, आणि दात-ओठ खात परत त्याच बाईकडे गेला. तिने न विचारता साडेदहाचा सेट पुढे केला. साडेदहा एक पट्टी खाली लावला, की दहाच्या सेटचा मूळ ताण जवळजवळ जसाच्या तसा येत होता. दादाने डोळे मिटले. “हं. ताण बरोबर आहे.” मास्तरने बटण दाबलं. दादा गायला, आणि वरची ओळ फुलासारखी उमलली.

“बघितलंस?” दादा म्हणाला. “दोष तुझ्या तारांतच होता.”

हे खरंही होतं आणि खोटंही. अशा वाक्यांवर भांडता येत नाही, म्हणूनच ती जास्त झोंबतात.

त्यानंतरची वर्षं आग्याने तारांवर मोजली. दादाचा आवाज उतरत गेला, तशी तार जाड होत गेली. दोन पट्ट्यांना अकराचा सेट लागला. तीन पट्ट्यांना अखेर बारा. आता मान नीट राहिली, कारण उतरवलेला बारा हा न उतरवलेल्या दहाएवढाच ओढतो. पण जाड तारा मानेच्या टोकाच्या खाचांत बसेनात; आग्याला त्या खाचा बारीक कानशीने रुंद कराव्या लागल्या. शिवाय बाराच्या सेटमधली तिसरी तार निघाली गुंडाळीची, खरबरीत. आणि दादा अंगठा ठेवायचा तो तिसऱ्याच तारेवर. मग ती एक तार साधी, सुटी विकत आणणं आलं. एका गाण्यात सहावी तार इतरांपेक्षा आणखी दोन पट्ट्या खाली उतरवायची असे. तिथे सेटमधली सहावी लोंबायची, म्हणून तीही वेगळी, साठ भागांची. एका माणसाचा गैरसमज अबाधित राखायला एवढा कारखाना चालला होता. मास्तर बटण दाबत होता.

जाड तारांवर आग्याच्या बोटांना घट्टे पडले, जुन्या नखरेल जागा पूर्वीसारख्या निघेनात. ते मात्र दादाच्या ध्यानात आलं.

“आमचा भाऊ पूर्वी बरा वाजवायचा,” कार्यक्रमानंतर तो लोकांना सांगे, आग्या शेजारी वायर गुंडाळत असताना. “आता बोटं जड झालीत. माझं नशीब, आवाज आहे तिथेच आहे. उलट जरा उघडलाय.”

आग्या वायर इतकी घट्ट गुंडाळे, की पुढच्या वेळी ती उलगडायला मास्तर लागे.

आणि मग मेळाव्याचं निमंत्रण आलं. गादी-व्यापाऱ्यांच्या संघटनेचा वार्षिक मेळावा, मोठा हॉल, बाहेरचा नावाजलेला ऑर्केस्ट्रा. संघटनेचा ज्येष्ठ सभासद म्हणून दादाने त्यांच्यासोबत एक गाणं म्हणायचं होतं, तेच गाणं. ऑर्केस्ट्राच्या माणसाचा फोन आला तेव्हा आग्या समोरच होता.

“मूळ पट्टीतच ना?” तिकडून विचारलं असावं.

“म्हणजे काय!” दादा फोनमध्ये हसला. “आपली पट्टी कधी बदलली नाही.” फोन ठेवून तो आग्याकडे वळला. “तू नाही आलास तरी चालेल हं. त्यांचा गिटारवाला पोरगा फार तयारीचा आहे म्हणे.”

वहिनीने आग्याला त्याच दिवशी गाठलं. “भाऊजी, काहीतरी करा. सगळा बाजार येणार आहे तिथे.”

मास्तरने तोडगा काढला. “त्यांच्या कीबोर्डवाल्याला गाठू. म्हणू, एक बटण...”

“आणि गिटारवाला?” आग्या ओरडला. “त्याच्याकडे नऊच्या तारा असतील! तीन पट्ट्या उतरवल्या तर फळीवर आपटत बसतील! तू जन्मभर एक बटण दाबलंस, तुला काय कळतंय!”

“मला वाटलं, तुझंही काहीतरी तसंच असेल,” मास्तर म्हणाला. आठ वर्षं शेजारी वाजवून त्याला हे वाटलं होतं.

खरं सांगायचं तर काही करायची गरजच नव्हती. काही न करणं हाच सर्वांत गोड बदला होता. गच्चीवरच्या खोलीत दोरांना ग्रीस लावताना आग्याने तो मेळावा मनात पुष्कळदा भरवला. खचाखच हॉल, दादाचा नवा कोट, वरची ओळ, आणि तोंड उघडं पण आत सूर नाही. इथपर्यंत मजा येई. मग पुढच्या रांगेतला, फोमच्या गाद्या विकणारा एखादा फोमवाला शेजाऱ्याला कोपर मारून हसे, आणि आग्याचं डोकं भडके. हा कोण हसणारा? याने कधी तारा बदलल्या? दादाला हसायचा हक्क जगात एकाच माणसाने घासून घासून मिळवला होता. कितीदाही भरवला, तरी मेळावा त्या कोपरापाशी येऊन मोडे.

शेवटच्या तालमीला तो लवकर गेला. बाराच्या तारा काढून त्याने दहाचा सेट चढवला, सूर मूळ जागी लावले. खाचा रुंद झालेल्या, त्यात बारीक तारा खुळखुळत होत्या, म्हणून त्याने तळाशी कागदाचे कपटे घातले. मास्तर आल्यावर त्याने सांगितलं, “आज बटण दाबायचं नाही.”

“अरे, पण...”

“बोट मोडीन.”

दादा आला. अंगठा ठेवला, डोळे मिटले. “हं. ताण बरोबर आहे.”

पहिलं कडवं निभावलं. वरच्या ओळीला दादाने हात उंचावला, छाती भरून घेतली, आणि खोक्यावरची चिकटपट्टी ओढून काढावी तसा आवाज आला. ड्रम थांबले.

“परत,” दादा म्हणाला. परत तेच झालं. तिसऱ्या वेळी तो आग्यावर धावून आला. “काय केलंस? वर लावलीस!”

“जिथे लागते तिथे लावलीय. आठ वर्षांत पहिल्यांदा.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझा आवाज उतरलाय, दादा! आम्ही खाली वाजवतो म्हणून तू गातोस!”

“किती खाली?”

“तीन.”

“तीन वर्षं?”

“तीन पट्ट्या! वर्षं आठ!”

दादाने परत तिसरी तार दाबली. मग गिटारच्या पेटीत पडलेली, नुकतीच काढलेली जाड तार उचलून दोन बोटांत फिरवली. “पण ताण तर तोच लागायचा मला,” तो हळू म्हणाला.

“तोच लागावा म्हणूनच तर ही जाडी! तुझा आवाज उतरला की माझी तार फुगायची! माझी बोटं जड झाली म्हणून गावभर सांगत होतास, ती तुला उचलून धरून झाली जड!”

आवाज गेला हे दादाला एकवेळ सोसलं असतं. वय झालं की जातोच. पण अंगठा फसला होता. ज्या अंगठ्यावर धंदा उभा होता तो आठ वर्षं ‘बरोबर आहे, बरोबर आहे’ म्हणत होता. त्याने सभोवार पाहिलं. “कुणाकुणाला माहीत होतं?” मास्तर आपल्या बटणाकडे बघू लागला. ड्रमवाल्याने झांजेचा घट्ट असलेला स्क्रू आणखी घट्ट करायला घेतला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तशीच मागे फिरली.

“तू मला सांगायचं होतंस,” दादा म्हणाला.

“तू ऐकलं असतंस?”

“नसतं ऐकलं!” दादा गरजला. “पण तू सांगायचं होतंस!”

हे मात्र बरोबर होतं, आणि आग्याला त्या दिवशी सर्वांत जास्त राग त्याचाच आला.

दादाने तालीम बंद केली. वहिनी आग्याशी बोलेना, बोलली ती एवढंच, “सांगू नका म्हटलं होतं ना?”

“तुम्ही म्हणालात, काहीतरी करा.”

“काहीतरी म्हणजे हे?”

मेळाव्याच्या आदल्या दिवशी आग्या एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत होता. लिफ्ट बंद करून त्याने मोटर उघडली होती. दार ढकललं गेलं आणि दादा आत आला. सगळे जिने चढून आला होता. कोट हातात, शर्ट अंगाला चिकटलेला, तोंडाचा रंग विटेसारखा. ‘धोका’ची पाटी वाचायला तो थांबला नव्हता.

“लिफ्ट बंद का आहे?” तो धापा टाकत म्हणाला.

“मी दुरुस्त करतोय म्हणून!”

दादा अवजारांच्या पेटीवर बसला. “ऑर्केस्ट्रावाल्यांना फोन केला,” तो म्हणाला. “म्हटलं, आवाज उतरलाय, तीन पट्ट्या खाली घ्या. त्यांचा गिटारवाला म्हणतो, आयत्या वेळी जमणार नाही, तारा लोंबतात.”

“लोंबणारच! नऊच्या असणार! त्याला कुणी शिकवलं नाही का?”

“तू येतोस का?”

आग्याने पाना खाली ठेवला. “सांगतोयस का विचारतोयस?”

“विचारतोय.”

हा शब्द त्याने भावाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, त्यामुळे काय करावं ते त्याला सुचेना. सुचेना म्हणून तो चिडला. “तीन पुरायच्या नाहीत तुला. गेल्या कार्यक्रमात वरची ओळ ओढून ताणून म्हटलीस. चार लागतील. तेराचा सेट लागेल. मला परत त्या बाईकडे जावं लागेल.”

“चार? डोकं फिरलंय का तुझं? तीनात आरामात म्हणतो मी!”

“म्हणून दाखव.”

“इथे?”

“इथे कुणी फोमवाला नाहीये.”

आग्याने गुणगुणून तीन पट्ट्या खालचा सूर दिला. दादा बसल्या बसल्याच गाऊ लागला. हात उंचावला नाही, छाती फुगवली नाही. मोटरकडे बघत, हिशेब तपासल्यासारखा, नुसता गायला. वरच्या ओळीपाशी आवाज थरथरला, खाली घसरला आणि खोकल्यात बुडाला. खोकला थांबल्यावर त्याने तोंड पुसलं.

“चार,” दादा म्हणाला. “तू म्हणतोस तेच खरं. नाहीतर जाऊच दे. कशाला जायचं तिथे.”

आग्याच्या कपाळाची शीर ताडकन उडाली. “काय चार? एवढे जिने चढून कुणी गातं का? गाढव आहेस का तू? दम लागलाय तुला! बस गप. हे पाणी पी. चार-चार करतोय मोठा! तीनच. परत म्हण.”

खालून कुणीतरी जिन्यातून वर तोंड करून ओरडलं, लिफ्ट केव्हा सुरू होणार म्हणून. आग्या दाराबाहेर जाऊन त्याच्याहून मोठ्याने ओरडला, “आज नाही!” मग त्याने दार आतून लावून घेतलं. दादाने पाण्याची बाटली अर्धी रिकामी केली, घसा साफ केला, आणि सूर मागण्यासाठी भावाकडे पाहिलं.